सोडायचं बटण

दादाने मला आयुष्यात दोनदाच मारलं. पहिल्यांदा मी सातवीत होतो. शाळा बुडवून तालमीत गेलो आणि पोरांच्या रांगेत शड्डू ठोकून उभा राहिलो. दादाने आखाड्याच्या हौदातून वर येऊन माझ्या कानाखाली अशी वाजवली, की मी लाल मातीत तोंडावर पडलो. मग त्यानेच उचललं, नाकातली माती झाडली आणि म्हणाला, "तुला हितं यायचं न्हाई. तुला पुस्तकात जायचंय." दुसऱ्यांदा मारलं तेव्हा मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, नांदेडला होतो. कारण होतं एक व्हिडिओ गेम.

आमचं गाव लातूरकडच्या मुरुडजवळ. माझ्याआधी आमच्या घरात दहावीची पायरी कुणी ओलांडली नव्हती. दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. तो आठवीतून तालमीत गेला आणि जत्रांच्या कुस्त्या मारू लागला. माझ्या प्रत्येक इयत्तेमागे कुठल्यातरी जत्रेत चीत झालेला एखादा पैलवान आहे. हे मी कधी विसरलो नाही आणि विसरणारही नाही.

मी दुसऱ्या वर्षाला असताना उदगीरकडच्या एका जत्रेत दादाची शेवटची जोड लागली. समोरचा पैलवान शिरूर अनंतपाळकडचा होता. वय सारखं, वजन सारखं. वीस मिनिटं झाली तरी कुस्ती निकाली निघेना. माणसं ओरडायला लागली, हलगीवाल्यांनी गत वाढवली. शेवटी दादाने त्याची मान बगलेत धरली आणि वळवली. मी तिथं नव्हतो, नांदेडला परीक्षा देत होतो. जे होते ते सांगतात, की हलगीच्या आवाजातसुद्धा मोडल्याचा आवाज ऐकू आला. त्या कुस्तीचा व्हिडिओ आहे, पण नेमक्या वेळी पुढचा माणूस उठून उभा राहतो आणि मग त्याची पाठ तेवढी दिसते.

त्या पैलवानाचे दोन्ही पाय गेले. डावा हात गेल्यासारखाच. उजवा तेवढा काही महिन्यांनी परत आला.

दादा त्याला बघायला लातूरच्या दवाखान्यात गेला. फाटकातच त्याच्या नातेवाइकांनी दादाला गाठलं. चौघांनी मिळून लाथाबुक्क्यांनी तुडवलं. दादाने मनात आणलं असतं तर चौघांना उचलून आपटलं असतं. त्याने हात वर केला नाही. दोन बरगड्या मोडून घेऊन गावी आला आणि तालीम सोडली. वस्ताद तीनदा घरी आले. म्हणाले, "पंचांची शिट्टी झाली न्हवती. तुझी चूक न्हाई. मातीत व्हतं आसं." दादा म्हणायचा, "हाव." आणि दुसऱ्या दिवशी लातूरच्या मार्केट यार्डात सोयाबीनची पोती उचलायला जायचा. जो माणूस दिवसाला हजार बैठका मारायचा, तो घरात पायाचा आवाज न करता फिरायला लागला.

मला एकच हवं होतं. दादा परत मातीत उतरावा. त्याने मला शिकवलं होतं, आणि शिकून मला जे येत होतं त्यानेच मी त्याला परत आणायचं ठरवलं. आता हे लिहिताना पोरकट वाटतं. तेव्हा वाटत नव्हतं.

नांदेडच्या खोलीवर आम्ही चौघे राहायचो आणि चौघांत एक जुना कॉम्प्युटर होता. त्यावर परदेशी कुस्तीचा एक जुना गेम चालायचा. चौकोनी रिंग, दोऱ्या, चमकदार चड्ड्या घातलेले गोरे आडदांड, एकमेकांच्या डोक्यात खुर्च्या घालणारे. अशा गेममध्ये आपण आपल्या हाताने फेरफार करू शकतो. कपडे, चेहरे, आवाज, नियम बदलता येतात. त्याला मॉड म्हणतात. मी कुस्तीचा मॉड करायला घेतला.

गादीच्या जागी आमच्या तालमीच्या हौदातल्या मातीचा फोटो अंथरला. चड्ड्यांचे लंगोट केले. खुर्च्या काढल्या, बुक्क्या काढल्या. तीन आकडे मोजायचा नियम काढून दोन्ही खांदे टेकले की कुस्ती संपली असं केलं. दोऱ्या काढल्या, पण त्या फक्त दिसायच्या बंद झाल्या. पैलवान मोकळ्या हवेला धडकून परत उडायचे. ते दुरुस्त करायला एक आठवडा गेला. भोवती फेटेवाली माणसं बसवली, हलगी घातली. दादाचा चेहरा त्याच्या फोटोवरून घेतला. आणि समोरच्या पैलवानाचा चेहरा घेतला जत्रेच्या फ्लेक्सवरून, ज्यावर दोघांचे फोटो शेजारी शेजारी छापले होते. माझी पहिली चूक ती. मला वाटलं, तीच कुस्ती दादाने परत खेळावी आणि यावेळी साधी, चीत करून जिंकावी, म्हणजे मनातलं निघून जाईल.

दुसरी चूक मानेची. त्या परदेशी गड्यांचे खांदे रेड्यासारखे, पण मान साधी. आपल्या पैलवानाची मान डोक्याएवढी जाड असते. मला ती तशी दिसायलाच हवी होती. गेममधल्या शरीराला आतून सांगाडा असतो आणि कुठला सांधा किती वळेल याची मर्यादा लिहिलेली असते. मी मान ओढूनताणून जाड केली तेव्हा मानेच्या सांध्याची मर्यादा पुसली गेली. मला ते कळलं नाही.

कळलं ते पहिल्यांदा खेळलो तेव्हा. दादाच्या पैलवानाने समोरच्याची मान धरली आणि डोकं गरगर फिरलं. एकदा नाही, तीनदा, भिंगरीसारखं, आणि चेहरा पाठीकडे येऊन थांबला. आमचा कॉम्प्युटर मंद होता. पडद्यावर सेकंदाला पन्नास-साठ चित्रं सरकायला हवीत, तर आमच्याकडे जेमतेम बारा सरकायची. त्यामुळे ते फिरणं तुटक, कोंबडीनं मान झटकावी तसं दिसायचं. खोलीतले तिघे हसून हसून लोळले. मीही हसलो. हे लिहिणं मला भाग आहे. मीही हसलो आणि म्हणालो, "थांब, परत दाखवतो."

त्या महिन्यात दादा डबा घेऊन नांदेडला आला. मी त्याला कॉम्प्युटरसमोर बसवलं. आधी तो हसला. "ह्यो मी व्हय? पोट कुठं गेलं माझं?" मग माती बघून पुढे सरकला. पडद्याला बोट लावून म्हणाला, "ही आपली हाय." पहिल्या दोन लढती तो हरला, तिसऱ्यात रंगला. मला इतका आनंद झाला, की मी मागे उभा राहून शड्डू ठोकला.

मग त्याच्याकडून चुकून ती पकड लागली. समोरच्याची मान बगलेत आली. दादा एकदम बटणं दाबायला लागला. एक दाबलं, दुसरं दाबलं, सगळी दाबली.

"सोडायचं बटन कुठलंय?"

"कसलं?"

"सोडायचं. पकड सोडायची हाय. कुठलंय?"

"तसं बटण नसतं दादा. एकदा पकड लागली की डाव पूर्ण होतोच."

डोकं गरगर फिरलं. कॉटवरचा माझा मित्र सवयीने हसला. दादा उठला, डब्याची पिशवी उचलली आणि मिळेल त्या बसने गेला.

मी दुसऱ्या दिवसापासून सोडायचं बटण करायला बसलो. गेम बनवणाऱ्यांनी डाव एकसंध साखळीसारखा बांधला होता, मध्येच तोडायची सोयच ठेवली नव्हती. परदेशातले अनोळखी लोक अशा गोष्टींवर आपापसात लिहीत असतात. त्यांना तोडक्यामोडक्या इंग्रजीत विचारत विचारत मी तीन आठवड्यांत ती साखळी तोडली. मान वळायला लागल्यापासून अर्धा सेकंद मिळायचा. त्यात बटण दाबलं तर पकड सुटायची. मानेची मर्यादाही मी परत लिहिली; आता मान गरगर फिरायची नाही, खऱ्यासारखी वळून मोडायची.

पण तोवर ती जुनी, मान फिरणारी क्लिप खोलीतल्या एकाने मोबाइलवर पुढे पाठवली होती. हसण्यासाठी. ती नांदेडहून लातूरला गेली, लातूरच्या तालमीतून आणखी पुढे. गेमचं नाव कुणाला माहीत नव्हतं. मान मोडलेल्या पैलवानाचा चेहरा सगळ्यांना माहीत होता.

दादाला ती मार्केट यार्डात कुणीतरी दाखवली. तो तसाच, अंगावर पोत्याची धूळ घेऊन नांदेडला आला. दार मी उघडलं. त्याने सरळ माझ्या छातीवर थाप मारली. मी मागच्या कपाटावर जाऊन आदळलो. उठलो, तर परत. ओठ फुटला. मित्र मध्ये पडला, त्याला दादाने एका हाताने बाजूला सारलं. मग माझ्या शर्टाला धरून मला भिंतीशी उभं केलं.

"मान तू मोडून ऱ्हायलास त्याची. रोज. लोकायला दाखवून."

मी रडत म्हणालो, मी पाठवली नाही. ते खरं होतं आणि त्याला काही अर्थ नव्हता.

त्याने शर्ट सोडला. कॉटवर बसला. मग म्हणाला, "त्याचा फोन आलता."

"कुणाचा?"

"त्याचाच. म्हनला, तुझ्या भावाला घेऊन ये. आन मशीन बी आन."

दीड वर्षात त्या पैलवानाने दादाला पहिल्यांदा फोन केला होता. आम्हा दोघांनाही वाटलं, मारायला बोलावलं आहे. जाऊ नये असं दादाला वाटलं नाही. मला वाटलं.

मित्राचा लॅपटॉप घेतला. पैलवानाचा एकच हात चालतो म्हणून दुकानदार बिलं करायला वापरतात तो आकड्यांचा छोटा कीबोर्ड घेतला, आणि सगळे डाव एका हाताच्या बोटांत येतील असे त्यावर बसवले. बुधवारी गावाहून दादाच्या मोटारसायकलवर निघालो.

घर गावाच्या कडेला होतं. पुढच्या खोलीत लोखंडी कॉट, त्यावर तो उशांना टेकून बसवलेला. फ्लेक्सवरची डोक्याएवढी मान मी तासन् तास बघून काढली होती. ती आता माझ्या दंडापेक्षा थोडी जाड, एवढीच उरली होती. त्याच्या आईने आम्हाला पाणी दिलं. दादाकडे बघितलं नाही. दादा उंबऱ्यातच उभा.

"आत ये पैलवान," तो कॉटवरून म्हणाला. "मी काय उठून मारनार न्हाई."

दादा आत आला.

"आन ह्यो तुझा इंजिनेर व्हय? माझी मान फिरविनारा?"

मी म्हणालो, "चुकलो. खरंच चुकलो. माफी मागायला आलोय."

"चुकला कामून? लातूरच्या डॉक्टराला मान इकडची तिकडं करायला जमंना. तू गरगर फिरवलीस." तो हसला आणि खोकला. त्याची आई स्वयंपाकघरात निघून गेली. "लाव ते."

मी लॅपटॉप त्याच्या मांडीवरच्या पाटावर ठेवला. बटणं समजावली. समोरून दादा खेळणार होता, कॉटशेजारी बसून, लॅपटॉपच्याच बटणांवर. त्याला दहा मिनिटांत समजलं. मी पाहिलेल्या कुणालाही इतक्या लवकर समजलेलं नाही, कारण त्याला डाव शिकायचे नव्हते, फक्त कुठला डाव कुठल्या बोटाखाली आहे तेवढंच शिकायचं होतं. पहिली कुस्ती त्याने जिंकली. दुसरी, तिसरी, चौथी. पाचव्या वेळेला त्याने दादाची मान धरली आणि मोडली. दादाचा पैलवान मातीत पडून राहिला.

"परत," तो म्हणाला. परत मोडली. "परत."

आठव्यांदा त्याने आकड्यांचा कीबोर्ड कॉटवर आपटला. "तू खेळून ऱ्हायलास का झोपून ऱ्हायलास रं? मेलेल्या म्हशीला काय चीत करायचं! दाब की बटनं! मार की!"

दादाने कीबोर्ड उचलून परत त्याच्या हाताखाली ठेवला.

"आन ह्ये झटके कामून बसायलेत?" हे मला. "मी पाय धरून पट काढाया जातो तवा ह्यो गायब व्हतो, मग एकदम पाठीमागं दिसतो. आसं कुठं आसतं व्हय?"

मी सांगितलं, की मशीनवर भार पडतो. भोवतीची दोनशे माणसं, फेटे, हलगी, सगळं एकाच वेळी चालवावं लागतं.

"मग काढ ना मानसं. हलगी बी काढ. त्यांचं काय काम हाय?"

मी काढली. एवढे महिने मी गेम खरा वाटावा म्हणून त्यात भर घालत होतो, एकेक फेटा रंगवत होतो. ते सगळं दोन मिनिटांत पुसलं. उरली माती आणि दोन माणसं. पुन्हा लावला आणि मी बघत राहिलो. पडद्यावरची चित्रं पाण्यासारखी सरकायला लागली. हात मानेवर पडला की मान खाली दबताना दिसायची, पाय सरकला की माती सरकताना दिसायची. बारा चित्रांत जो मार विनोद वाटत होता, तो साठ चित्रांत मार होता. त्या खोलीत हसण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

आता दादा खेळायला लागला. बटणावरचं बोट हलकं असलं की समोरच्याला कळतं, आणि त्या माणसाने खोटं खेळू दिलं नसतं. दोघांना घाम आला. "ये, ये, ये," तो दात खाऊन म्हणत होता. "हां, आसं! धर!" शिव्या देत होता, घाण शिव्या, आणि त्याचा चेहरा फ्लेक्सवरच्या चेहऱ्यासारखा दिसायला लागला होता. कुस्ती लांबली. आणि मग दादाच्या पैलवानाने त्याची मान बगलेत धरली.

दादाने सोडायचं बटण दाबलं. पकड सुटली.

पैलवान पडद्याकडे बघत राहिला. "काय केलंस?"

"सोडलो."

"सोडता येतं?"

"बारक्यानं करून दिलंय बटन."

पैलवानाने कीबोर्डवरचा हात काढून घेतला. स्वयंपाकघरात भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

"मी मातीवर हात आपटला व्हता," तो म्हणाला. "दोनदा. थांब म्हनलो व्हतो. तुला कळलं व्हतं का?"

मला खात्री होती दादा काय म्हणेल. हलगी जोरात होती, माणसं ओरडत होती, शिट्टी झाली नव्हती. दीड वर्ष वस्ताद, आई, गाव, सगळे तेच म्हणत होते. मीही तेच म्हणत होतो.

"हाव," दादा म्हणाला. "कळलं व्हतं."

"मंग?"

"मानसं उभी ऱ्हायली व्हती. वाटलं आजून एक दम."

पैलवानाने लॅपटॉपचा पाट बाजूला सरकवला. मग म्हणाला, "जवळ ये."

दादा कॉटशी वाकला. पैलवानाने उजवा हात त्याच्या मानेमागे टाकला, कुस्तीच्या सुरुवातीला टाकतात तसाच. आणि खेचून त्याचं कपाळ कॉटच्या लोखंडी दांड्यावर आपटलं. ठण असा आवाज झाला. परत आपटलं. मी पुढे झालो, तर दादाने मागे हात करून तळवा दाखवला: थांब. तिसऱ्यांदा भुवई फाटली, रक्त दांड्यावरून चादरीवर उतरलं. चौथ्यांदा हातातला जोर संपला. तरी त्याने मान सोडली नाही. बोटं दादाच्या मानेत रुतलेली, स्वतः हुंदके देत, आणि दादा तसाच वाकलेला.

त्याची आई पिठाच्या हातांनी दारात आली. "काय झालं रं?"

"कायी न्हाई," तिचा लेक म्हणाला. "पैलवानाला लागलंय. हळद आन."

तिने दोघांकडे बघितलं. आत जाऊन हळद आणली आणि स्वतःच दादाच्या भुवईत दाबली, चांगली जोरात. दादाने पहिल्यांदा "आई गं" म्हटलं.

मी लॅपटॉप मिटायला गेलो. "ऱ्हाऊ दे," पैलवान म्हणाला. त्याने खांद्याला नाक पुसलं. "लाव परत. आन ते बटन काढ."

"सोडायचं?"

"हाव. ह्यो सोडनार हे म्हाईत आसलं की भ्या वाटत न्हाई. भ्या नसलं तर खेळायचं कशाला?"

तीन आठवड्यांचं काम मी त्याच्यासमोर पुसून टाकलं. ते दोघे जेवणापर्यंत खेळले. आमची ताटं आतच वाढली होती. दादाने स्वतःचं ताट उचलून कॉटपाशी आणलं.

परत निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. वाटेत एका हापशावर दादा थांबला. मी हापसलं, त्याने चेहरा धुतला. भुवई सुजून डोळा अर्धा मिटला होता. पाण्याबरोबर रक्त गेलं, परत आलं, परत गेलं.

मी धीर करून विचारलं, "आता तालमीत जाशील?"

"न्हाई."

त्याने रुमाल पिळून कपाळाला बांधला. हे ऐकायला मी एवढं सगळं केलं नव्हतं. माझा चेहरा पडला असावा, कारण त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. थाप हलकी होती, पण छाती अजून दुखत होती आणि मी कळवळलो.

"लई लागलं का रं तवा?"

"नाही."

"खोटं बोलू नको."

"लागलं."

"हाव," तो म्हणाला. गाडी सुरू केली. थोडं पुढे गेल्यावर वाऱ्यात मान वळवून मोठ्याने बोलायला लागला. मी पुढे सरकून कान दिला.

"त्याचा उजवा हात बघितलास का? काय जोर हाय आजून! डाव्याला कुनी मालिश करंना दिसतंय. पार वाळून गेलाय." मग म्हणाला, "पुढल्या बुधवारी लवकर निघू. मुरुडातून तेल घ्यावं लागंल."